आधी कडं, मग भोक

सियागंजात मुर्तझाभाईंनी काउंटरवर
हत्यारं मांडली, कासारानं चुडे मांडावेत तशी.
"भोकच पाडायचंय ना, मॅडम? ह्यात सगळं आलं."

होल-सॉ, डब्याच्या झाकणाएवढा, दात बाहेर.
पाण्याच्या टाकीला ठीक आहे तो.
देवदार त्याला नुसता बघूनच उसवेल.

मग ड्रिलला लावायचं फ्लाय-कटर :
एक दांडी, एक पातं, गोफणीसारखं गरगरणारं.
मी माझ्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं.
तीन टाके, दोन हजार अकराचे.
"नको."
"सस्ता है."
म्हटलं, म्हणूनच.

घरी ट्रिमर होता. नव्हता तो त्याला गोल फिरवणारा जिग.
परदेशी जिगची किंमत ऐकून मी
रामबागेतल्या बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानाची
ॲक्रिलिकची पाटी मागून आणली.
तिला भोकं पाडली, एकापुढे एक, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानं,
तिरकी, मुंग्या निघाल्यासारखी.
"शुद्ध देसी घी"तलं "शुद्ध" अजून वाचता येतं, उलटं.

मधली पिन पितळेची. पोलो ग्राउंडला
रामसजीवननं लेथवर काढून दिली.
किती टाइट, विचारलं त्यानं.
म्हटलं, अडकू नये आणि हलूही नये.
"ऐसी तो सबको चाहिए," म्हणाला,
आणि तीनदा काढली.

प्लायवुडवर सात वर्तुळं केली.
पहिलं, गोल म्हणून निघालं
आणि स्वल्पविराम होऊन संपलं.
सातवं ठेवून दिलंय.

गिटार थॉमस डामोरची. झाबुआकडचा,
इथल्या चर्चमध्ये वाजवतो, दिवसा कुरिअर.
रोझेटसाठी शिसवाची पट्टी मी काढलीच होती,
त्यानं खिशातून रुमाल काढला,
रुमालातून आईचं कथिराचं कडं, तुटलेलं.
"ह्यातलं थोडं बसेल का?"
धातू आवाज खातो, मी सांगितलं.
वजन, घासताना निघणारी काळी पूड,
देवदाराच्या रंध्रांत शिरली तर जन्मभर जात नाही.
तो ऐकत राहिला. रुमाल टेबलावरच राहिला.

शेवटी ठोकून ठोकून तार केली, दोऱ्याएवढी.

आता नीट लक्ष द्यायचं (हे मी स्वतःलाच सांगते, मोठ्यानं) :
आधी लाखेचे दोन हात, तंतू उठू नयेत म्हणून.
मग खाच, दीड मिलिमीटर, तीन फेऱ्यांत, घाई न करता.
वर्तुळाला कोपरे असतात.
चार.
दोन ठिकाणी लाकडाच्या रेषा पात्यासोबत चालतात,
दोन ठिकाणी अंगावर येतात. तिथे श्वास धरायचा.
मग शिसव, तार, परत शिसव, सरस,
आणि कड्याचा जोड वरच्या अंगाला,
जिथे मान येऊन बसेल आणि झाकेल.

भोक सगळ्यात शेवटी.
कारण भोक पाडलं की केंद्र जातं.
ज्या टिंबावरून सगळं मोजलं
ते कापलेल्या चकतीसोबत खाली पडतं,
पुढून निम्मं, उलटून मागून निम्मं,
शेवटच्या केसाएवढ्या धाग्यावर मी ट्रिमर बंद केला
आणि चाकूनं सोडवलं.
टप्.
ह्यापुढे चूक असली तरी ती कशापासून मोजणार?

बोट फिरवलं काठावरून. एका जागी
पितळेची पिन किंचित, अगदी किंचित हलली होती.
थॉमसला दिसणार नाही. मला दिसेल.

महिन्याभरानं तो आला. गिटार आधी उचलली नाही.
खिळ्यावर टांगलेल्या चकत्यांकडे गेला,
सगळ्यांना मधोमध सहा मिलिमीटरचं भोक.
आपली त्यानं बरोबर ओळखली, कशी कोण जाणे.
"हिचे पैसे वेगळे?"
म्हटलं, नाही रे. गिटारीतनंच निघालीय.

रुमालात गुंडाळली त्यानं, उरलेल्या कड्यासोबत.
खिळ्यावर आता अठराच आहेत.