उलटा एन

कलेक्टर ऑफिससमोर माझं टेबल.
वंशावळीचं शपथपत्र टाइप करून देतो, पन्नास रुपये,
झेरॉक्स वेगळी.
पणजा, आजा, बाप, अर्जदार :
चार पायऱ्या उतरल्या की माणूस खरा ठरतो.

विनिफ्रेडबाईंचा मेल आला, डॉर्सेटहून.
वय एक्क्याऐंशी. पदरी अकरा पिढ्या :
कुणाचं लग्न कुठल्या चर्चात, कुणाच्या किती मेंढ्या,
कोण घोड्यावरून पडून गेलं.
एकच फांदी पुढं सरकत नव्हती.
हॅना, कॅप्टनाची बायको,
"हिंगोलीस वारली. पुढचे ठाऊक नाही."

जुन्या छावणीमागं, कयाधूच्या अंगाला,
दोन तास येड्या बाभळीत.
शेळ्यांमागची पोरगी म्हणाली, इंग्रजी फरशी का?
तिच्यावर तर आम्ही चिंचा फोडतो.

काळा पाषाण. अक्षरांत चिंचेचा गाळ.
बाटलीतलं पाणी, जुना ब्रश :
एच, ए, एन,
आणि दुसरा एन उलटा.

कागद ठेवून वरून कार्बन घासला, पाठवला.
बाई रडल्या म्हणे. मग विचारलं,
तुमच्याकडून एक अक्षर उलटं पडलं का?
नाही म्हटलं, दगडातच आहे.
मग हळहळल्या : अडाणी हात, बिचारा.
ऐंशी पौंड पाठवले,
तेवढं नीट करून घ्या.

बाई, दगडाला खोडरबर नसतं.
एका अक्षरासाठी अख्खी ओळ
बोटभर खाली उतरवावी लागते.
मला माहीत आहे, आम्ही वडार.
आजा टाकीचा माणूस.
पोरीची व्हॅलिडिटी अडकलीय,
एकसष्टच्या आधीचा कागद आणा म्हणतात.
आज्यानं शाळेच्या भिंतीचे दगड घडवले,
शाळेच्या दाखल्यात तो नाही.

रात्री पाकिटात घालायला
तो कार्बनचा कागद मधोमध दुमडला,
बल्बपुढं आला, आणि हात थांबला.
एचवर एच. एवर ए.
एनवर एन,
केसभर इकडंतिकडं नाही.

त्याला वाचता येत नव्हतं, दिसत होतं.
औंढ्याच्या देवळाची चौकट बघितलेला माणूस :
डावा खांब तसा उजवा.
साहेबानं लिहून दिलेल्या कागदात
एक खांब वाकडा निघाला,
तो त्यानं न विचारता सरळ केला.

आमचाच होता असं म्हणत नाही.
हिंगोलीत टाकी काय एकाच घरात नव्हती.
शपथपत्रात पणज्याच्या वर रेघ होती,
रेघच ठेवली.

बाईंना लिहिलं :
दुरुस्ती झालेली आहे, तेव्हाच.

पौंड परत कसे पाठवतात
ते आमच्या बँकेत अजून कुणाला सांगता येत नाही.