तिसरा चौकोन

शाळेच्या हॉलमध्ये विषयांची टेबलं मांडली होती,
बाजारच जणू.
रसायनशास्त्राकडे निळी ज्योत,
जीवशास्त्राकडे बशीत बैलाचा डोळा,
भूगोलवाल्यांकडे तर फुकट बिस्किटं.
इंग्रजी साहित्याच्या टेबलावर कागदांची चळत,
दार सारखं उघडायचं म्हणून तिच्यावर दगड,
आमच्याच किनाऱ्यावरचा, पांढऱ्या रेघेचा.
आणि मागे मिस पेनरोझ, सर्दी झालेल्या.

मी थेट धक्क्यावरून आलो होतो.
हात तीनदा धुतले तरी बांगड्याचा वास
माझ्याआधी आत शिरतो.
मेरिन म्हणाली, डॅड, इथे बस.
बसलो. खुर्ची पोरांच्या मापाची, गुडघे कानाशी.

"यानं पोट भरतं का?"
हे विचारायचं नव्हतं.
गाडीत दुसराच प्रश्न घोकून आलो होतो, बरासा.
त्या नाक पुसत म्हणाल्या, "काहींचं भरतं."
खोटं बोलल्या असत्या तर मी उठलो असतो.

मग म्हणाल्या, परीक्षेत एक कविता येते
मुलांनी कधीच न पाहिलेली.
तिच्यावर ना नाव, ना गाव.
वाचायची, आणि सांगायचं आत काय चाललंय.
मला वाटलं, बाई,
धुक्यात होडी घालून अठ्ठावीस वर्षं
मी दुसरं काय केलं?
पण गप्प राहिलो.
तिथे अक्कल पाजळली असती
तर मेरिन आठवडाभर बोलली नसती.

घरी फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
पहिल्या चौकोनात गणित, दुसऱ्यात जीवशास्त्र,
तिसरा कोरा.
जोरी हसला, गोष्टी वाचायचे मार्क?
त्यानं सोळाव्या वर्षी शाळा सोडली,
आता बर्फाच्या कारखान्यात आहे.
त्याची आई म्हणाली, तू जेव.

रात्री पाणी प्यायला उठलो
तर तिनं दगडाखालून आणलेला कागद तिथेच होता.
कविता माझ्या डोक्यावरून गेली, खरं सांगतो.
एक माणूस, एक फाटक, संध्याकाळ.
पण समासात पेन्सिलीनं, मेरिनच्या तिरक्या अक्षरात,
एका ओळीशेजारी लिहिलं होतं:
इथे तो गप्प का झाला?

बराच वेळ उभा राहिलो.
फ्रिज घुरघुरायचा, थांबायचा.
होडी विकली त्याला नोव्हेंबरात दोन वर्षं झाली.
तेव्हापासून दुसऱ्यांचे मासे साफ करतो,
घरी येतो, बूट काढतो, बातम्या लावतो.
मला कुणी विचारलेलं नाही.
मीही कुणाला विचारू दिलेलं नाही.

सकाळी तिसरा चौकोन भरलेला होता,
खोडरबरनं दोनदा घासलेला, कागद तिथे पातळ झालेला.
पालकाची सही खाली.
पेन गळकं, बोट निळं झालं.
सहीपुढे तारखेची जागा,
आणि तारीख काही केल्या आठवेना.
जिन्याखालून हाक मारली,
मेरिन, आज कितवी गं?
आणि ती सांगून झाल्यावरही
मी तिथेच उभा राहिलो,
ती म्हणाली, अजून काय?