फक्त वेळ आणि चॅनेल

टोलीडोत, एका गॅरेजच्या दारात मांडलेल्या जुन्यापान्यातून
आठ डॉलरला आणला हा रेकॉर्डर.
बाई म्हणाली, रिमोटचं झाकण हरवलंय, चिकटपट्टी लावा.
आणि वर्गणी भरली नाहीत तर हा अर्धाच चालतो.
म्हटलं, चालेल.
हॉस्पिटलच्या धोबीखान्यात रात्रपाळी करून
मीही सकाळी अर्धीच घरी येते.

वर्गणी नाही म्हणून तो मला नावं सांगत नाही.
कोणता कार्यक्रम, कितवा भाग, कोण नट,
सगळ्यावर राखाडी पट्टी.
विचारतो फक्त: चॅनेल? किती वाजता? कुठपर्यंत?
उधारी थकलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदार बोलतो, तेवढंच.
सुरू केला की आधी पाटी येते,
आपलं खातं बंद आहे.
रोज मी ओके दाबते,
जसं काही मला विचारूनच बंद केलं होतं.

घड्याळ त्याचं आठवड्याला वीस सेकंद मागे पडतं.
फुकट कुणी वेळसुद्धा सांगत नाही त्याला.
म्हणून फ्रिजवर कागद लावलाय, पेन्सिलीने:
मार्च, एक मिनिट आधी लावणे.
एप्रिल, दोन. मे, साडेतीन.
तरी बेसबॉल लांबला की
शेवटचा फटका हवेत असतानाच पडदा काळा.
झेल झाला की सुटला
हे मला बसथांब्यावर डेलबर्ट सांगतो,
आणि डेलबर्ट थोडं वाढवून सांगतो.

पण सांगायचं होतं ते हे नाही.

आणला त्या दिवशी डिस्क चौऱ्याण्णव टक्के भरलेली.
आधीच्या माणसाचं सगळं तसंच होतं.
केक सजवण्याचे एकोणतीस भाग. मासेमारी.
घोड्यांचा एक जुना सिनेमा, दोनदा.
पुसत गेले. पुसायला वर्गणी लागत नाही.
शेवटी एक ओळ उरली:
चॅनेल अकरा, सहा ते साडेसहा, नऊ फेब्रुवारी.
नाव नाही. म्हणजे तोवर त्यानेही पैसे भरणं सोडलं होतं.
आणि कडेला एक लाल टाचणी:
पुसू नये.

बघितलं. तीनदा बघितलं.
बर्फ पडणार, चार ते सहा इंच.
पुलावर उलटलेला ट्रक, रस्ताभर संत्री.
शाळेत स्पेलिंगची स्पर्धा; हिरव्या स्वेटरची मुलगी
एका अक्षरापाशी अडते, छताकडे बघते.
गोठलेल्या नदीत भोकं पाडून बसलेले म्हातारे,
त्यातला एक कॅमेऱ्याला मासा दाखवतो, एवढासा.
गाद्यांचं दुकान कायमचं बंद होतंय, लवकर या.

यातलं कोण तुझं?
मुलगी? मासेवाला? ट्रक?
की यातलं कुणीच नाही,
आणि त्या अर्ध्या तासात इकडे, सोफ्यावर,
तुझ्या शेजारी कुणी बसलेलं होतं?

शनिवारी गेले विचारायला.
बाईचं नाव लोरेन. भावाचा होता तो, म्हणाली.
फेब्रुवारीत? काही नव्हतं फेब्रुवारीत.
मग हातातल्या फडक्याची घडी घालत
दारातच उभी राहिली जरा वेळ.
हवा असेल तर परत देते, म्हटलं.
नको, माझ्याकडे अँटेना नाही.

आता जुलै. डिस्क पुन्हा भरली, या वेळी माझीच.
कामावर निघताना लावलं:
चॅनेल तेरा, आठ ते अकरा, साडेसहा मिनिटं आधी.
पाटी आली, जागा अपुरी आहे,
सर्वांत जुनं पुसू का?
बस कोपऱ्यावर आलेली दिसत होती.
नाही दाबलं, वेळ अर्ध्या तासाने कमी केली.
शेवटच्या डावापुरता
डेलबर्ट आहेच.