तळमजला

परळच्या म्युनिसिपल इस्पितळात
चौदा नंबरची खोली तळमजल्यावर आहे,
एक्स-रेच्या रांगेच्या मागे.
दारावर पाटी नाही. पडदा आहे, पोपटी,
दोन कड्या तुटलेला.

नफिसा मुकादम केसपेपरवरून वर न बघता विचारते,
शिंकताना जातं?
हसताना?
बादली उचलताना? जिना उतरताना?
मी हो म्हणत जाते, हो, हो, हो,
तिकिटं फाडल्यासारखी.

"अकरा वर्षं," मी म्हणते,
"धाकटा झाला तेव्हापासून. पावणेचार किलोचा होता."
ती पेन खाली ठेवते.
"मग अकरा वर्षं काय केलंत?"

काय केलं.
पाणी प्यायले नाही.
वडाळ्याहून बस सुटली की दुसऱ्या टोकाला
एक मुतारी आहे, तिला कुलूप, किल्ली स्टार्टरकडे,
आणि स्टार्टर चहाला गेलेला.
खाकीच्या आत जुन्या सुती साडीची घडी.
माझ्या सगळ्या मऊ साड्या अशा संपल्या.
लग्नांत शेवटच्या खुर्चीवर बसले,
भावाच्या विनोदाला ओठ मिटून हसले.
लोक म्हणाले, नोकरी लागल्यापासून
घाडीबाई फार गंभीर झाली.

सासूचं अंग बाहेर यायचं.
आमच्याकडे शब्दच तसा होता, अंग,
जणू बाकीचं शरीर दुसऱ्या कुणाचं.
ती भिंतीकडे तोंड करून हाताने आत सारायची,
हात धुवायची, भाकऱ्या थापायला बसायची.
मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.
मोरी एकच होती दोघींना.

नफिसा प्लास्टिकचा सांगाडा काढते, कंबरेपुरता,
आत लाल रबराची झोळी ताणून बसवलेली.
"हा तळ," ती म्हणते, रत्नागिरीकडच्या हेलात,
"सगळा संसार ह्याच्यावर बसलाय.
पाळण्याची झोळी सैल पडली तर
आपण दोरी आवळतो ना?
झोळीची लाज नाय वाटत कुणाला."

हातमोजा चढवण्याआधी ती थांबते.
"चालेल ना तुम्हाला?"
दोन बाळंतपणांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"आत ओढा. आता वर. लिफ्टसारखं,
पहिला मजला, दुसरा..."
आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.
मी श्वास कोंडते, दात आवळते,
खांदे कानांपर्यंत.
"खांदे नकोत हो, खांदे राहू द्या घरी.
आता सोडा."

सोडा.
तेच जमेना.
अकरा वर्षं मुठीत धरून ठेवलेलं
उघडायचं कसं, हे मूठच विसरली होती.

शेवटी माझीच भाषा कामाला आली.
एक बेल: धर.
दोन बेल: जाऊ दे.
ती हसली, आणि केसपेपरच्या कोपऱ्यात
ते लिहून घेतलं.

आता चालत्या बसमध्ये करते.
कॉलेजचा पोरगा पाचशेची नोट पुढे करतो,
मी त्याच्याकडे रोखून बघत पाच मोजते.
तो घाबरून सुटे काढतो.

घरी तक्ता आहे: किती ग्लास, किती वेळा, किती थेंब.
वेबिलासारखाच भरते.
हिशोब रोज जुळतो असं नाही.
सातव्या आठवड्यात भर स्टॉपवर शिंक आली
आणि काही झालं नाही.
आठव्यात झालं.
"होणार," नफिसा म्हणाली, "मध्ये थांबे असतात."

काल डेपोच्या लेडीज रूममध्ये
बाटली तोंडाला लावून अर्धी संपवली.
दमयंती ओरडली, "वेड लागलं? ट्रिप आहे आता!"
मग सांगितलं. शब्द न गिळता, सगळं.
सहा जणी होतो.
ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू यायला लागली.
कुणी डबा बंद केला. कुणी केसातली पिन काढली,
तिथेच परत खोवली.

पाळी सुटताना कॅश भरायच्या रांगेत
दमयंती माझ्या मागे होती.
नोटा मोजत होती, मान खाली.
दहाच्या गड्डीवर दोनदा चुकली.

"ते चौदा नंबर," ती म्हणाली,
"कुठल्या गेटने जायचं गं?"