फटीएवढं हिरवं

कांपेनहाउटमध्ये, ब्रुसेल्सपासून अर्ध्या तासावर,
माझ्या वडिलांचा धंदा म्हणजे काळोख सांभाळणं.
दार बंद, दिवा बंद,
ट्रेमध्ये दाटीनं उभी चिकोरीची मुळं,
पायाशी वाहतं पाणी,
आणि वर मिटल्या मुठींसारखे कोंब,
पांढरे, टोकाशी जरासे पिवळे.
विटलोफ म्हणतात आमच्याकडे. पांढरा पाला.
पांढरा राहिला तर बाजारात,
हिरवा झाला तर डुकरांना.

मी लूवेनला गेले
आणि त्याच काळोखात काय चालतं
ते बघायचा पगार घेऊ लागले.

एक विकर आहे.
नाव इतकं लांब
की बाबा अर्ध्यावरच कॉफी ओतायला उठतात.
त्याच्या शेकडो प्रती एकमेकींना धरून
पटलाभोवती वेटोळं घालतात,
मनोऱ्यातल्या जिन्यासारखं.
प्रत्येकीच्या खोबणीत एक रंगद्रव्य:
हरितद्रव्य होता होता राहिलेलं,
दोन हायड्रोजननी उणं.
शेजारी, अगदी खेटून, देणारा रेणू.
ताट वाढलेलं, मीठसुद्धा,
आणि कोणी पहिला घास घेत नाही.

प्रकाशाचा एक कण लागतो.
मग चौथ्या कड्यातला दुहेरी बंध
एकेरी होतो.
एक हायड्रोजन त्या रेणूकडून, हे ठरलंय.
दुसरा नेमका कुठून, यावर आमच्यात
अजून भांडणं आहेत.
वेटोळं सैल पडतं. जिना मोडतो.
तो मोडायच्या आत मला हवा होता,
म्हणून मी मंद हिरव्या दिव्यात काम केलं
(हिरवा उजेड त्याला जेमतेम दिसतो)
आणि त्याला वाट बघतानाच गोठवलं.

गेल्या फेब्रुवारीत वानेसनं, माझ्या भाच्यानं,
चेंडू शोधायला आत शिरून
दार नीट लोटलं नाही.
दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेवर
हिरवी रेघ,
पट्टीनं आखावी तशी.
पोरगं ट्रॅक्टरमागे दडलेलं.

बाबांनी वाकून बघितलं.
एकदा रेघ, एकदा फट,
पुन्हा रेघ.
"हेच का तुझं ते?"
हेच.
"म्हणजे सगळा वेळ तयारच होतं?"
सगळा वेळ.
ते क्रेट उलटा करून त्यावर बसले.
"एक्केचाळीस वर्षं," म्हणाले,
"मला वाटायचं, मी त्याला झोपवून ठेवलंय."

ती रांग डुकरांना गेली नाही.
हॅममध्ये गुंडाळून, वर चीज घालून
आम्हीच खाल्ली. कडूजहर.
वानेसनं रुमालात थुंकली.
बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली,
मग उठले, कोट न घालताच बाहेर गेले,
दार ओढून पाहिलं
आणि कडीला दोरी बांधली.