चार बोटं माया

मानवतच्या शाळेत आमच्या वर्गाला
दार होतं, कडी नव्हती.
वारा आला की ते आपणहून उघडायचं
आणि जोगदंड बाई हजेरी थांबवून बघायच्या,
कुणी आलं का म्हणून.

सतरा. हजर बाई.
अठरा, प्रयागा डोंगरदिवे.
एकोणीस मी.
त्या वर्षी दिवाळीनंतर
सतरा आणि एकोणीसमध्ये फट पडली.
कुणी म्हणालं, टोळीसंगं गेले समदे,
कुणी म्हणालं, लगीन लावून दिलं जिंतूरकडं.
घराला कुलूप होतं,
कुलपाला तांबडी चिंधी बांधलेली, एवढंच खरं.

बाई तरी रोज नाव घ्यायच्या,
आडनावासकट.
मग थांबायच्या.
फार नाही,
खडू या हातातून त्या हातात जाईल एवढं.
मग चौकोनात हिरव्या शाईची खूण,
आणि एकोणीस.

माझे वडील शाळेचे गणवेश शिवायचे
मोंढ्याच्या कोपऱ्यावर, रसवंतीला लागून.
जिनिंगचा कापूस उडत यायचा,
मशीनच्या चाकावर, त्यांच्या भुवयांवर बसायचा.
माप घेताना विचारायचे, कितवीला गं?
आणि खाली चार बोटं माया आत दुमडायचे.
आया म्हणायच्या, भाऊ, कापड कामून वाया घालता?
'लेकरू हाये,' ते दोरा दातानं तोडत म्हणायचे,
'थांबणार हाये का ते?'

दर जूनला आई ब्लेडच्या टोकानं माझी माया उसवायची.
खालून गडद निळी पट्टी निघायची,
ऊन न बघितलेली.
वर्षभर ती पट्टी घेऊन मी
मैदानात, रांगेत, प्रार्थनेत.
प्रयागाचा फ्रॉकही त्यांच्याच हातचा होता.

एकदा बाई परभणीला ट्रेनिंगला गेल्या,
हजेरीपट माझ्याकडं देऊन.
खिचडीचा वास सुटला होता,
पोरं बाकावर ताटल्या वाजवत होती.
मी सतरा म्हटलं,
लगेच एकोणीस म्हटलं,
आणि स्वतःच हजर म्हणाले.
कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कोरा चौकोन पाहिला.
बोलल्या नाहीत.
पेनाचं टोपण काढलं, चौकोन भरला,
टोपण लावलं.
पाढ्यांसाठी मी छड्या खाल्ल्या,
किती, कोणत्या हातावर, काही आठवत नाही.
ते टोपण लावल्याचा टक् असा आवाज
अजून येतो.

आता परभणीला दवाखान्यात
रक्ताच्या रिपोर्टच्या खिडकीत बसते मी.
नाव पुकारते. आडनावासकट.
ओ आली नाही की थांबते.
मागून कुणीतरी करवादतं,
ओ मॅडम, फुडचं घ्या ना, बस जाईल.
शिपाई गनीभाई म्हणतात,
तुमच्या खिडकीलाच रांग का लांब, कळत नाही.
मला कळतं. सांगता येत नाही.

सगळंच चांगलं आलं तिथून, असं नाही.
अजून कुणी जोरात हाक मारली
की उभी राहते मी, मांडीवरचं निवडायचं सांडून.
सासरी पहिल्या महिन्यात तर तोंडातून गेलं, हजर.
सगळे हसले. मीही हसले.
बसायला कुणी सांगितलं नाही
म्हणून बराच वेळ तशीच उभी होते.

परवा लेकीचा गणवेश पार्सलनं आला.
वडिलांना आता दिसत नाही फारसं.
बोटांनी कड चाचपत राहिले, उलटी, सुलटी.
माया नाही ह्याला, म्हणाले.
मग मी चहा ठेवत असताना, पाठीमागून,
'त्या डोंगरदिव्याच्या पोरीला
चार बोटं सोडली होती मी.
उसवली असंल का गं कुणी?'

मी थांबले.
दूध वर आलं.