खप : एक प्रत

शुक्रवारी आमचा मराठीचा वर्ग भरतो
सूरमध्ये, टायरच्या दुकानावरच्या खोलीत.
खाली हवेचा पंप लागला
की वर जोडाक्षरं थरथरतात.
तरी आम्ही वर्तमानपत्र काढलं. हाताने.
चार पानी. खप : एक प्रत.
किंमत : वाचून परत आणून देणे.

अन्वी तोडणकर आधी शिरोरेषा ओढते, पट्टीने, पानभर,
मग तिला अक्षरं लटकवते
दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी.
स्वरूप धुरीला फक्त जाहिराती काढायच्या होत्या.
टायरवाल्याने एक घेतली, दोनशे बैसा रोख,
नाव मात्र मल्याळममध्येच हवं म्हणाला.
ते त्यानेच येऊन लिहिलं, ओठ दाबून.

विषय ठरला : गावातलं जुनं काही.
गाव म्हणजे कुठलं, बाई?
नाझिमा परकारने विचारलं.
तिने जयगड दोनदा पाहिलंय, सुट्टीत,
आणि ही खाडी रोज, भांडी विसळताना.
मी म्हटलं, जिथे तुझी चप्पल झिजते ते.

म्हणून गेलो जहाजांच्या कारखान्यात.
खल्फान बिन सईद. वय विचारलं तर म्हणाले,
लिहा, या लाकडाएवढं.
हिंदी त्यांची मंगळूरची,
एक अख्खा पावसाळा तिथे अडकून शिकलेली.
स्वरूपने जहाजाचा आराखडा मागितला, पान दोनसाठी.
त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.
मग पान दोनवरचा मधला चौकोन कोराच सोडला,
खाली ओळ : आराखडा कारागिराकडे आहे.

लाकडाला ते साज म्हणाले.
नाझिमा म्हणाली, साग.
नोखदा, ते म्हणाले.
नाखवा, ती म्हणाली, माझ्या पणजोबांना म्हणायचे.
मग ते बंदर म्हणाले,
आणि ती नुसतीच हसली,
त्यात बदलायला काही नव्हतंच.

पान एक. लाल स्केचपेन. मथळा :
सूरचा शेवटचा जहाजकारागीर.
शेवटचा हा शब्द माझा.
बातमीला वजन येतं, मी शिकवलं होतं.
शाळेत असताना मलाही कोणीतरी असंच शिकवलं असणार.

पुढच्या शुक्रवारी अंक दाखवायला नेला.
त्यांनी मथळ्यावर हात ठेवला, वाच म्हणाले.
नाझिमाने वाचलं, मग हिंदीत सांगितलं : आखरी.
म्हातारा मागे वळला, ओरडला,
शफीकुल!
सांगाड्याच्या दोन फासळ्यांमधून एक डोकं वर आलं,
भुवयांवर भुसा,
हातात तेलात भिजवलेला कापसाचा पीळ,
चितगावचा, असेल विशीतला.
आखरी? म्हाताऱ्याने आम्हाला विचारलं.
तो ये कौन है?

कोणीच बोललं नाही.
शफीकुल थोडा वेळ थांबला,
आपलं काही काम नाही असं बघून
पुन्हा आत गेला. ठोकणं सुरू झालं.
जाताना खल्फान सहज म्हणाले,
हे जहाज दुबईच्या एका हॉटेलचं,
दारात उभं राहणार, पाणी लागणार नाही त्याला.
हेही लिहायचं का, बाई?
लिहायचं, मी म्हटलं. पान चार, खाली.

वर्गात परत येऊन
शेवटचा या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवली.
अन्वीने शिरोरेषा पट्टीवरून पुढे नेली,
केसभर खाली आली, तिला ते अजून खुपतंय.
पट्टीवर काय लिहायचं
यावर तासभर भांडण.
एक, म्हणाला स्वरूप. जुना, म्हणाली अन्वी.
नाझिमा म्हणाली, त्यांनाच विचारूया.
खाली पंप सुरू झाला, वेळ संपली.

पट्टी अजून कोरी आहे.
उजेडासमोर धरली तर
खालचा लाल शब्द दिसतो, पुसट, उलटा नाही, सरळ.

अंक सध्या शफीकुलकडे आहे.
त्याला मराठी वाचता येत नाही.
परत करायचाय, एवढं त्याला सांगितलंय.